जुनी हत्यारे : पारख आणि खरेदी

शेतकऱ्याच्या संसारात बैल, नांगर, पंप व यंत्रे यांचा हिशेब काळजीपूर्वक ठेवला जातो. हातातील लहान हत्यारांचा विचार मात्र ती ऐन कामात मोडेपर्यंत सहसा होत नाही. भांगलण अंगावर आलेली असताना खुरप्याची धार वळते, बांधबंदिस्तीच्या वेळी कुदळीचे नेढे फाटते, सरपण फोडताना कुऱ्हाड दांड्यातून निसटते. मग जवळच्या बाजारातून मिळेल ते हत्यार, मागेल त्या भावाने आणावे लागते. अशा घाईच्या खरेदीत पैसा जातो व कामाचा दिवसही जातो. अल्पभूधारक शेतकऱ्यास ही हानी लहान वाटत असली, तरी वर्षाअखेर तिची बेरीज लहान राहत नाही.

यावर एक चांगला उपाय म्हणजे जुनी परंतु अस्सल हत्यारे सवडीच्या दिवसांत हेरून, पारखून, स्वस्तात घेणे हा होय. उत्तम पोलादाची जुनी कुऱ्हाड अथवा पटाशी थोड्या डागडुजीने पुष्कळ वर्षे काम देते. तथापि जुने ते सर्वच चांगले नसते. पारख नसेल तर ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ असा प्रकार होतो. ही पारख कशी करावी, हे या पाठात क्रमाने सांगितले आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा पाठ प्रथम स्वतः हाताळून पाहावा आणि नंतर शेतकऱ्यांपुढे प्रात्यक्षिकासह मांडावा.

१. हत्यारे कोठे व केव्हा शोधावी

पहिले ठिकाण म्हणजे आपलेच गाव. ज्या घरात पूर्वी सुतारकी वा लोहारकी चालत होती व आता मुले नोकरीस लागली आहेत, त्या घराच्या माळ्यावर वाकस, किंकरे, रंधा, गिरमिट, सांडशी, घण अशी हत्यारे अनेकदा पडून असतात. जुना वाडा उतरविताना किंवा वाटण्या होतानाही अशी सामग्री बाहेर निघते. गावातील माणसाकडून घेतलेल्या वस्तूचा इतिहास विचारता येतो, हा मोठा लाभ होय. अशा वेळी घरातील वृद्धांस योग्य मोबदला द्यावा. त्यांच्या अज्ञानाचा फायदा घेऊन केलेला सौदा गावात टिकत नाही.

दुसरे ठिकाण आठवडी बाजार व जत्रा. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव, सातारा जिल्ह्यातील पुसेगाव यांसारख्या जत्रांत जनावरांबरोबर शेतीच्या अवजारांचीही खरेदी-विक्री होते. तिसरे ठिकाण शहरातील जुने बाजार. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार अनेक दशके प्रसिद्ध आहेत. गुजरातेत भावनगरजवळ अलंग येथे १९८३ पासून जहाजे मोडण्याचा उद्योग चालतो व तेथील रस्त्यालगतच्या दुकानांतून जहाजांवरील जुन्या सामानाची विक्री होते. चौथे ठिकाण भंगारवाल्याचे दुकान. तेथे हत्यार बहुधा वजनावर मिळते. भंगाराच्या ढिगात चांगली पहार किंवा घण सापडल्यास तो सर्वांत स्वस्त सौदा ठरतो.

मृग नक्षत्राच्या तोंडावर विळा, खुरपे व कुदळ यांना मागणी वाढते आणि भावही चढतात. म्हणून खरेदी हंगामाच्या बऱ्याच आधी, माघ-फाल्गुनात करावी. बाजारात सकाळी लवकर गेल्यास निवड चांगली मिळते, तर बाजार उठण्याच्या वेळी भाव उतरतो. ज्यास विशिष्ट हत्यारच हवे आहे, त्याने सकाळी जावे. ज्यास जे मिळेल ते चालेल, त्याने सायंकाळी जावे.

२. बरोबर काय न्यावे

एक बारीक दात्याची कानस, लहान हातोडी, तारेचा ब्रश, खडूचा तुकडा, लहान बाटलीत थोडे रॉकेल, फडके व मोजपट्टी एवढे साहित्य पिशवीत असावे. रॉकेल न मिळाल्यास डिझेल चालते. त्याचबरोबर घरी काय हवे आहे याची यादी व नव्या हत्याराचा चालू भाव कागदावर लिहून न्यावा. यादीशिवाय बाजारास गेलेला मनुष्य नको ती वस्तू स्वस्त म्हणून घेऊन येतो.

३. पाच परीक्षा

(अ) दृष्टिपरीक्षा. हत्यार उजेडात धरावे. तांबूस, भुकटीसारखा गंज वरचा असतो आणि तो घासल्याने निघतो, त्याचे भय बाळगू नये. गंजाने खड्डे पडले असून ते धारेपर्यंत पोहोचले असतील, तर धार लावताना ती तुटक तुटक येते. असे हत्यार टाळावे. नुकताच चकचकीत रंग दिलेल्या जुन्या हत्यारापासून विशेष सावध राहावे, कारण रंगाखाली भेग किंवा वेल्डिंगचा सांधा लपविता येतो. धारेजवळ निळी-जांभळी झाक दिसल्यास ते हत्यार कधी तरी सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले होते, असे समजावे. एमरीच्या चाकावर निष्काळजीपणे धार लावल्याने असे होते. पटाशी किंवा रंध्याच्या पात्याचे पाणी त्यामुळे उतरते.

(आ) नादपरीक्षा. दांडा काढलेले हत्यार दोरीने टांगून किंवा नेढ्यात बोट घालून अधांतरी धरावे आणि हातोडीने हलकेच ठोकावे. खणखणीत व लांबणारा नाद आल्यास अंग अखंड आहे. बद्द आवाज आल्यास आत भेग असण्याचा संभव फार. दांडा बसविलेला असताना नाद दबतो, तेव्हा केवळ त्यावरून निर्णय करू नये.

(इ) कानसपरीक्षा. विक्रेत्याची परवानगी घेऊन धारेच्या कोपऱ्यावर कानस एकदाच फिरवावी. कुऱ्हाड, विळा, कोयता यांच्या धारेवर कानस थोडा जोर दिल्यावर चावावी व बारीक कीस निघावा. कानस काचेवरून जावी तशी घसरली, तर धार अतिकठीण असून ती तुटण्याचा धोका असतो. कानस सहज खोल गेली, तर धारेस पाणी दिलेले नाही किंवा दिलेले उतरले आहे. पटाशी व रंध्याचे पाते यांची धार याहून कठीण असावी. कुऱ्हाड, कुदळ वा घण यांचे नेढ्याभोवतीचे अंग मात्र मऊच असावे, म्हणजे ते धक्का सोसते.

(ई) भेगपरीक्षा. संशयित जागा ब्रशने स्वच्छ करून तिच्यावर रॉकेल लावावे व काही मिनिटे मुरू द्यावे. मग फडक्याने पूर्ण कोरडी पुसून तिच्यावर खडू घासावा. भेग असल्यास आत शिरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्या खडूवर ओली काळपट रेघ उमटते. नेढ्याचे कोपरे, पहारीचे टोक व घणाचे तोंड या जागा अशा रीतीने अवश्य तपासाव्या. ही परीक्षा अगदी स्वस्त आहे आणि तिने डोळ्यांस न दिसणारी भेग कळते.

(उ) ठिणगीपरीक्षा. ही लोहाराच्या दुकानी एमरीच्या चाकावर, डोळ्यांस चष्मा लावूनच करावी. कमी कर्बाच्या मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ व थोडे फाटे असलेल्या निघतात. अधिक कर्बाच्या पोलादाच्या ठिणग्यांना पुष्कळ फाटे फुटून फुलबाजीसारखा झुपका दिसतो. बिडाच्या ठिणग्या आखूड व लालसर असतात. बीड ठोक्याने फुटते व त्यास धार टिकत नाही. सबब बिडाचे म्हणून जे ओळखू येईल, ते ठोकण्याच्या अगर कापण्याच्या कामासाठी घेऊ नये.

४. हत्यारागणिक काय पाहावे

कुऱ्हाड, कुदळ, टिकाव : नेढे गोल वा लांबट असले तरी फाकलेले नसावे. पुष्कळ जुन्या घडीव हत्यारांत अंग मऊ लोखंडाचे असून धारेपुरते पोलाद जोडलेले असते. गालावर कानस फिरवून तो भाग उजळला, की दोहोंमधील रेघ दिसते. झिजता झिजता धार या रेघेपाशी आली असेल, तर पोलाद संपले आहे. असे हत्यार कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. मोटारीच्या कमानीच्या पाट्यापासून लोहाराने घडविलेली हत्यारे संपूर्ण पोलादाची असतात व त्यांना ही अडचण नसते.

विळा, खुरपे, कोयता : पाते किती रुंद उरले आहे ते पाहावे. मुठीत जाणारा काटा (शेपटी) हा या हत्यारांचा मर्मभाग होय. मूठ हलवून पाहावी व हलत असल्यास काटा गंजून बारीक झाला आहे का, याची खात्री करावी.

घण, हातोडा, छिन्नी : ठोके खाऊन डोके फुलले असेल व त्याच्या कडा बाहेर वळल्या असतील, तर ठोकताना पोलादाची कपची उडून डोळा जाण्याचा धोका असतो. फुललेला भाग घासून काढता येतो. परंतु तोंडावर भेग अथवा वेल्डिंग असलेला घण मुळीच घेऊ नये.

करवत व रंधा : करवतीचे पाते डोळ्यासमोर धरून सरळ आहे की नाही ते पाहावे. दाते बोथट असल्यास कानशीने सुधारतात, पण पात्यास पडलेली घडी सहसा जात नाही. लोखंडी रंध्याचा तळ सपाट व तोंड अखंड असावे. हे अंग बहुधा बिडाचे असते व पडल्याने तडकते. लाकडी रंध्याचे अंग किडलेले वा पीळ पडलेले नसावे.

पाने व पक्कड : पान्याचे जबडे समांतर असावेत. फाकलेला पाना नटाचे कोपरे खातो व निसटून बोटे फोडतो. सरकत्या पान्याचा जबडा हलवून खेळ किती आहे ते पाहावे. पक्कड मिटून उजेडासमोर धरावी, म्हणजे तोंडे जुळतात की नाही ते कळते. जुन्या पकडीचे रबरी आवरण विजेच्या कामासाठी विश्वसनीय मानू नये.

छाटणीची कात्री : पाते, स्प्रिंग व मधला खिळा तपासावा. तिचे सुटे भाग मिळतात की नाही, हे आधी विचारावे.

५. खुणा व मोजमापे

हत्यारावरील ठसा वाचण्याची सवय ठेवावी. ‘कास्ट स्टील’ अशी इंग्रजी अक्षरे असलेले जुने विलायती हत्यार बिडाचे आहे असा अनेकांचा समज होतो, तो चुकीचा आहे. अठराव्या शतकात शेफिल्ड येथे मुशीत वितळवून पोलाद करण्याची कृती निघाली. त्या उत्तम पोलादाची ती खूण होय. ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरे मिश्र पोलादाच्या पान्यांवर आढळतात. देशी मालात टाटा ॲग्रिकोची कुदळ-फावडी व नाशिकच्या टपारिया कारखान्याचे पाने-पक्कड सर्वत्र परिचित आहेत. ‘आयएसआय’ चिन्ह भारतीय मानक संस्थेच्या काळापासून चालत आले असून १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आहे. तथापि ठसा खोटाही असतो. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असे होऊ नये म्हणून ठसा पाहूनही वरील परीक्षा कराव्याच. उथळ, वाकडा व स्पेलिंग चुकलेला ठसा नकली मालाचा समजावा.

पान्यांच्या बाबतीत मापाचा घोटाळा फार होतो. आपल्या देशात दशमान वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला व नंतर मेट्रिक मापे क्रमाने रूढ झाली. त्यापूर्वीच्या यंत्रांवर इंची नट-बोल्ट होते. जुन्या पान्यावर आकड्यापुढे ‘डब्ल्यू’ अक्षर असेल, तर तो व्हिटवर्थ पद्धतीचा पाना होय. त्यावरील आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, जबड्याच्या रुंदीचा नसतो. उदाहरणार्थ, अर्धा इंच डब्ल्यू पान्याचा जबडा सुमारे २३.४ मिलिमीटर रुंद असतो. असा पाना आजच्या ट्रॅक्टरच्या नटांना नीट बसत नाही. जुन्या संथगती तेल-इंजिनावर व्हिटवर्थ नट असतील, तर मात्र तोच उपयोगी पडतो. ‘एएफ’ अक्षरे असलेल्या पान्यांत आकडा जबड्याच्या रुंदीचा असतो. त्यांपैकी पाऊण इंची पाना १९ मिलिमीटरच्या नटास व सात-सोळांश इंची पाना ११ मिलिमीटरच्या नटास बसतो. संशय असल्यास मोजपट्टीने जबडा मोजावा.

६. भाव कसा ठरवावा

भाव विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्यापूर्वी आपण मनाशी ठरवावा. साधा नियम असा की, जुने हत्यार कामास लागेपर्यंत होणारा एकूण खर्च नव्याच्या किमतीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक होऊ नये. समजा, नवी कुऱ्हाड ६०० रुपयांस मिळते. म्हणजे एकूण मर्यादा ४०० रुपये झाली. जुन्या कुऱ्हाडीस नवा दांडा १२० रुपये, लोहाराची मजुरी ८० रुपये व जाण्यायेण्याचा वाटा ६० रुपये, असे २६० रुपये लागतील. ते वजा जाता १४० रुपये उरतात. तोच आपला अखेरचा भाव. विक्रेत्याने २५० रुपये मागितले आणि आपण दिले, तर एकूण खर्च ५१० रुपये होतो. वाचले केवळ ९० रुपये आणि पदरी आले अर्धे आयुष्य संपलेले हत्यार. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून हिशेब करावा. एकाच फेरीत चार-पाच वस्तू घेतल्यास किंवा शेजाऱ्यांनी मिळून एकास पाठविल्यास प्रवासाचा वाटा कमी होतो.

७. तीन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट, चोरीचा माल. एखाद्या संस्थेचे किंवा सरकारी खात्याचे चिन्ह असलेले, क्रमांक घासून काढलेले अथवा अवास्तव स्वस्त हत्यार घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. शक्य तेथे विक्रेत्याचे नाव असलेली पावती घ्यावी. अमुक संस्थेचे शिक्के असलेले सामान लिलावात घेतले आहे, असे विक्रेता म्हणाल्यास लिलावाचा कागद पाहावा.

दुसरी गोष्ट, रोगांचा प्रसार. दुसऱ्याच्या शेतातून आलेल्या कुदळ-फावड्यास चिकटलेल्या मातीबरोबर मर रोगाची बुरशी व सूत्रकृमी येऊ शकतात. डाळिंबावरील तेल्या रोग छाटणीच्या कात्रीतून झाडाझाडांत पसरतो. म्हणून जुने हत्यार शेतात नेण्यापूर्वी माती खरवडून, धुऊन, वाळवावे. कात्री १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून निर्जंतुक करावी. या द्रावणाने लोखंड गंजते, सबब नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून तेल लावावे.

तिसरी गोष्ट, फवारणीची साधने. जुना हातपंप कोणत्या औषधासाठी वापरला होता, हे खात्रीने कळत नाही. तणनाशक टू-फोर-डीचा अल्प अंश राहिला तरी कपाशी व द्राक्ष यांना इजा होते. तेव्हा अशा पिकांसाठी जुना फवारणी पंप न घेणेच श्रेयस्कर होय.

८. घरी आणल्यावर

गंज प्रथम तारेच्या ब्रशने व रॉकेलने काढावा. हट्टी गंजासाठी हत्यार चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवून ठेवावे, सकाळी घासून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे व लगेच कोरडे करून तेल लावावे. तीव्र आम्लात टाकू नये, त्याने पोलाद ठिसूळ होण्याचा संभव असतो. धार सहाणेवर पाणी घालीत लावावी. चाकावर लावल्यास वारंवार पाण्यात बुडवावी आणि हातास चटका बसेल इतकी तापू देऊ नये. पाणी उतरले असल्यास ते पुन्हा देण्याचे काम जाणत्या लोहारासच सांगावे.

दांडा बाभूळ, धामण किंवा तिवस या लाकडांचा, गाठी नसलेला व सरळ रेषांचा निवडावा. रेषा आडव्या तुटत असतील, तर दांडा तेथेच मोडतो. लाकूड पूर्ण वाळलेले असावे. दांडा बसविल्यावर पाचर मारावी. सैल दांड्याचे हत्यार पाण्यात भिजत ठेवणे हा तात्पुरता उपाय आहे. लाकूड वाळताच ते अधिक सैल होते आणि कामावर असताना डोके उडून शेजारच्या माणसास लागते. दांड्यास वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळावे.

९. कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

चैत्रात एखादा दिवस ठरवून गावातील लोहार व सुतार यांस शिक्षक म्हणून सन्मानाने बोलवावे. प्रत्येक घरातून एक जुने हत्यार आणण्यास सांगावे. भांगलण करणाऱ्या भगिनींना आवर्जून बोलवावे, कारण खुरप्याची खरी पारख त्यांच्या हातास असते. प्रत्येक हत्यारावर पाचांपैकी निदान तीन परीक्षा जमलेल्यांकडूनच करवून घ्याव्या. नंतर ‘दुरुस्त करावे’, ‘कामाचा प्रकार बदलावा’ व ‘भंगारात द्यावे’ असे तीन ढीग करावे. एखादे हत्यार तिसऱ्या ढिगात का गेले, हे ते आणणाऱ्यास पटले म्हणजे प्रात्यक्षिक सफल झाले असे समजावे.

उजळणीचे प्रश्न

(१) नादपरीक्षा करताना दांडा काढणे का आवश्यक आहे?
(२) जोडपोलादाच्या कुऱ्हाडीचे आयुष्य संपल्याचे कशावरून ओळखावे?
(३) अर्धा इंच डब्ल्यू पाना अर्ध्या इंची जबड्याचा का नसतो?
(४) नव्या टिकावाची किंमत ४५० रुपये व दुरुस्ती-प्रवासाचा खर्च १८० रुपये असल्यास जुन्या टिकावास अधिकात अधिक किती द्यावे? (उत्तर : १२० रुपये.)

हत्यार स्वस्त मिळाले की नाही, हे खरेदीच्या दिवशी ठरत नाही. दोन हंगाम ते हातात टिकले, कोणास इजा झाली नाही व लोहाराकडे फारशा खेपा पडल्या नाहीत, म्हणजे सौदा चांगला झाला असे म्हणावे.